खाटेचे चार कोपरे

सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलाची तपासणी करताना त्याच्या हालचालींची ५ श्रेणींत वर्गवारी करतात. त्यावरून बुद्धी कळत नाही. मालिनी चिब यांनी एका बोटाने टंकलेखन करून आत्मचरित्र लिहिले. त्यांच्या आई मिठू अलूर यांनी १९७२ साली मुंबईत स्पॅस्टिक्स सोसायटी ऑफ इंडिया स्थापन केली. पण प्रत्येक आईने एकटीनेच किती भार वाहावा? शुभवर्तमानातील पक्षघाती माणसाची खाट चौघांनी उचलली होती. बोरिवली-मुलुंडच्या आपल्या धर्मग्रामांत मात्र चारही कोपरे बहुधा आईच्याच खांद्यावर असतात. म्हणून तपासणी आपलीही व्हावी : चर्चच्या पायऱ्यांशेजारी उतार आहे का? त्या माउलीला तासभर विसावा कोण देतो? मूल दुबळे, की आपले खांदे?