कुमारांनी असे पुस्तक वाचावे का?

अकोले येथील एका मातेने आम्हांस विचारले, "फादर, या पुस्तकात बाप तान्ह्या बाळाला सुई टोचून मारतो. माझ्या तेरा वर्षांच्या मुलीने ते वाचावे का?" पुस्तक होते लोइस लॉरी यांची १९९३ सालची 'द गिव्हर' ही इंग्रजी कादंबरी. तिच्यातील समाजात दुःख नाही, रंग नाहीत, निवडीचे स्वातंत्र्यही नाही. दुबळी बालके व वृद्ध यांना 'मुक्त' केले जाते. त्या शब्दाचा खरा अर्थ बारा वर्षांच्या जोनासला उमगतो आणि तो एका तान्ह्याला वाचविण्यासाठी पळ काढतो.

मातेची काळजी रास्तच होती. परंतु हेरोदाने केलेली बालहत्या आपण मुलांना नाताळातच सांगतो. पाप दाखविल्याने पुस्तक वाईट ठरत नाही. पापाला पुण्याचे नाव दिल्याने ठरते. ही कादंबरी तर गोड नावाचा बुरखाच फाडते. हे केवळ कल्पनेतले आहे काय? गर्भलिंगनिदानास आळा घालण्यासाठी महाराष्ट्राला १९८८ साली कायदा करावा लागला. गर्भपातासही आपल्याकडे 'पिशवी साफ केली' असे सहज म्हटले जाते.

आम्ही त्या मातेस म्हणालो, "पुस्तक हिसकावू नका. मुलीकडून ते ऐकून घ्या. 'मुक्त' या शब्दापाशी ती थबकेल, तेव्हा तिच्याजवळ असा."