विपुल जीवन आणि आपली बावखले



पुनरुत्थान काळातील चौथा रविवार आपण उत्तम मेंढपाळाचा रविवार म्हणून पाळतो. योहानकृत शुभवर्तमानाच्या दहाव्या अध्यायात प्रभू येशू आपल्या येण्याचे कारण सांगतो. चोर लुटायला येतो; प्रभू मात्र मेंढरांना जीवन मिळावे, आणि ते विपुल मिळावे, म्हणून आला आहे. हे वचन आपल्याला पाठ आहे. पण ‘विपुल’ या शब्दाचा अर्थ आपण काय लावतो?

ग्रीक भाषेत जीवनासाठी ‘बियॉस’ आणि ‘झोए’ असे वेगवेगळे शब्द आहेत. प्रभूच्या या वचनात ‘झोए’ आहे, म्हणजे देवाकडून लाभणारे जीवन. योहानाच्या पहिल्या पत्रात ‘बियॉस’ हा शब्द येतो तो संसारातील मालमत्तेसाठी. ती मालमत्ता जवळ असूनही गरजू भावाला पाहून जो मन घट्ट करतो, त्याच्या ठायी देवाची प्रीती कशी राहील, असा प्रश्न तिथे लगेच विचारला आहे. मालमत्ता वाईट आहे असे योहान म्हणत नाही. ती आपल्याजवळ येऊन तिथेच अडली, तर जीवन आटते, असे तो सांगतो.

आपल्या वसईकरांना हे समजायला अवघड नाही. आपल्या वाडवडिलांनी वाड्यांमध्ये बावखले राखली. पावसाळ्यात बावखल भरे, वाडीला पाणी पुरवी आणि उरलेले पाणी मुकाट जमिनीत मुरे. शेजाऱ्याच्या विहिरीचे पाणी गोड राही, ते या मुरलेल्या पाण्यामुळे. बावखल एकाच्या वाडीत असले, तरी त्याचा गोडवा साऱ्या आळीचा होता. पुढे जमिनीला भाव आला आणि कित्येक बावखले आपण बुजवली. जागा वाढली, पण पाणी मुरायचे थांबले. आज टँकरची वाट पाहताना ते आपल्याला कळते.

मनातलीही बावखले आपण अशीच बुजवली आहेत काय?

महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी आम्ही धर्मगुरू आजाऱ्यांकडे ख्रिस्तप्रसाद घेऊन जातो. घरे आता मोठी झाली आहेत, आणि त्यात आनंदच आहे. आईवडिलांच्या घामाचे ते चीज आहे. पण कित्येक घरांत मागच्या खोलीतली आजी सकाळपासून डोळे दाराकडे लावून बसलेली असते. मुले परदेशी किंवा लोकलच्या गर्दीत. प्रार्थना संपते आणि आजी म्हणते, “फादर, जरा बसा ना.” आणि आम्ही घड्याळ पाहतो, कारण अजून आठ घरे बाकी असतात. ही आमची कबुली आहे. त्या क्षणी आम्ही प्रभूचे शरीर देऊन येतो, पण प्रभूची सवड देत नाही. मेंढपाळ आपल्या मेंढरांना नावाने हाक मारतो, असे याच अध्यायात म्हटले आहे. यादीतले नाव वाचणे वेगळे आणि नावाने हाक मारणे वेगळे.

पॅरिसमध्ये फ्रेडरिक ओझानाम नावाचा एक विद्यार्थी होता. ख्रिस्तसभेने पूर्वी पुष्कळ केले असेल, पण आज तुम्ही काय करता, असे एका वादसभेत त्याला व त्याच्या मित्रांना विचारण्यात आले. त्या प्रश्नाने तो अस्वस्थ झाला. १८३३ साली, वयाच्या विसाव्या वर्षी, त्याने मोजक्या सोबत्यांसह गरिबांच्या घरी जायला सुरुवात केली. कोणाच्या दारी जायचे, हे त्यांना सिस्टर रोझाली रांदू यांनी दाखवले. त्यातूनच सेंट व्हिन्सेंट द पॉल सोसायटी उभी राहिली, जी आज शंभराहून अधिक देशांत आहे. ओझानाम पुढे प्राध्यापक झाला, पती झाला, एका मुलीचा पिता झाला आणि १८५३ साली चाळिसाव्या वर्षी वारला. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९९७ साली पॅरिसमध्येच त्याला ‘धन्य’ घोषित केले. वर्षे मोजली तर त्याचे आयुष्य तोकडे होते; पण त्याला विपुल म्हणू नये, असे कोण म्हणेल?

गरिबाला मदत पाठवता आली असती. तो स्वतः गेला. आपलीही सेवा अनेकदा पाकिटात घालून पाठवली जाते. पाकीट जरूर द्यावे, त्याची गरज आहे. पण त्याबरोबर आपणही जावे.

या आठवड्यात प्रत्येक कुटुंबाने एकच करावे. आपल्या आळीतले किंवा सोसायटीतले एक दार निवडावे, जिथे कोणी जात नाही. ते घर आपल्या धर्माचे, आपल्या भाषेचे असलेच पाहिजे असे नाही. मुलांना सोबत न्यावे. मोबाइल घरी ठेवावा. नाव विचारावे आणि ‘जरा बसा’ म्हटले, तर बसावे. आम्हीही येत्या पहिल्या शुक्रवारी अर्धा तास आधी निघू.

हे उत्तम मेंढपाळा, तू आम्हांला भरभरून दिले आहेस. ते आमच्यात साचून न राहता शेजाऱ्याच्या विहिरीपर्यंत मुरू दे. आमेन.

आपला धर्मगुरू