आईचं न घडलेलं गाणगापूर



आमची आई जाऊन वीस वर्षं होऊन गेली. गाणगापूरला जावं, संगमावर स्नान करावं, पाच घरी माधुकरी मागावी, एवढंच तिचं मागणं होतं. नेणं माझ्याकडे होतं. मी बँकेत क्लार्क. एका वर्षी मार्चचं क्लोजिंग, एका वर्षी मुलाची दहावी, असं करता करता राहूनच गेलं.

मागच्या गुरुपौर्णिमेला अक्काकडे गेलो, तर देवघराशेजारी आईचा नवा फोटो. मागे संगमाचं पाणी, हातात झोळी, डोक्यावर पदर. मी आठवत बसलो, ही कधी गेली होती? मग कळलं, अक्काच्या नातवाने तो एआयवर केलाय.

मी त्याला समोर बसवून सगळं समजावून घेतलं. चित्रं काढणारं एक मोठं मॉडेल आधीच तयार असतं. त्याला असंख्य बायकांचे चेहरे दाखवलेले असतात, पण आपली आई त्याला ठाऊक नसते. २०२२ साली गूगलच्या संशोधकांनी ड्रीमबूथ नावाची पद्धत मांडली. तीत तीन ते पाच फोटोंवरून एखादी व्यक्ती किंवा वस्तू मॉडेलला शिकवता येते. लोरा म्हणून आणखी एक युक्ती आहे, तीत मूळ मॉडेलला हात न लावता वर छोटी जोड-फाईल तयार करायची. चिरंजीवांनी आईचे एकोणीस फोटो दिले, बहुतेक लग्नाच्या अल्बममधले, एक पासबुकावरचा. टीव्हीवर पूर्वी मुंग्या यायच्या तशा प्रत्येक फोटोवर पसरायच्या आणि त्या पुसून चेहरा काढण्याचा सराव मॉडेलकडून पुनःपुन्हा करून घ्यायचा. शिकवताना आईला एक निरर्थक अक्षरांचं नाव द्यावं लागतं. शिवाय इतर बायकांची चित्रंही सोबत दाखवावी लागतात, नाहीतर कुठलीही बाई काढ म्हटलं तरी मॉडेल आईच काढू लागतं.

“मग त्यात वाईट काय?” अक्का म्हणाली.

आमच्या बँकेत नमुना सही असायची ती ओळख पटवायला. तीच समोर ठेवून कुणी गिरवू लागला, तर हेतू कितीही चांगला असो, आम्ही तिला बनावट सहीच म्हणणार. मुखत्यारपत्रसुद्धा माणूस गेला की संपतं, मग मुखत्यार पोटचा मुलगा का असेना. हे सगळं मी अक्काला सुनावलं. पण घरी येताना आठवलं, आमच्या आजोबांच्या फोटोतला कोट आणि टोपी स्टुडिओवाल्याने नंतर चढवलेली आहे. त्याला हार घालताना मला कधी काही वाटलं नाही. आणि विचारलं असतं तर आई लाजत का होईना, हो म्हणाली असती.

म्हणजे टोचत होतं ते वेगळंच. आईची ती यात्रा माझ्या नावे पडलेली रक्कम आहे. त्या चित्रात ती कुणीही न भरता जमा झालेली दिसते. उद्या नातवंडं म्हणतील, पणजी गाणगापूरला गेली होती, मामाआजोबांनी नेलं असेल. आणि मी गप्प बसेन, ही मला भीती आहे. गाणगापूरला आपण डोकं ठेवतो ते निर्गुण पादुकांवर. तिथे चेहऱ्यावाचून काही अडत नाही. मग आपलंच का अडावं?

“फोटो काढू नकोस, पण खाली लिही की हे चित्र आहे, आई गेली नव्हती,” असं मी अक्काला म्हटलं.

“अरे, तुला टोचतंय म्हणून मी का लिहू? मला ती गेलेलीच बरी वाटते.”

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, अजून नाही.

नातवाने ती फाईल पेनड्राइव्हवर घालून मला दिली. “आबा, माझ्याकडची मी पुसलीय. ही तुम्ही ठेवा नाहीतर पुसा.” कपाटात आईच्या पासबुकाशेजारी ती पडून आहे. दत्तजयंतीची गर्दी ओसरली की निघायचं म्हणून गाणगापूर रोडची दोन तिकिटं काढलीत, माझं आणि अक्काचं. अक्का म्हणते, तो फोटोही बरोबर घेणार.