लिलावाआधीचे घर आणि चौथे सुख

उपासक-उपासिकांनो,

वस्तीत बातमी फिरते : अमक्याचे हप्ते थकले, घरावर बँकेची नोटीस लागली. दुसऱ्याच दिवशी कुणीतरी त्याच्या दारात उभा राहतो व म्हणतो, "लिलावात अब्रू जाईल. त्यापेक्षा घर मला द्या." तो कुणीतरी उद्या तुम्हीही असाल. मग हा व्यवहार धम्माला धरून आहे काय?

तथागतांनी उपासकाला पाच व्यापार वर्ज्य सांगितले : शस्त्र, प्राणी, मांस, मद्य आणि विष. घराची खरेदी त्यांत नाही. परंतु तेवढ्याने आपण सुटत नाही. न दिलेले घेऊ नये, हे दुसरे शील आहे. भीतीपोटी सोडलेले खरोखर 'दिलेले' असते काय?

कायदा पाहा. २००२ च्या सरफेसी कायद्याप्रमाणे कर्जदाराला ६० दिवसांची नोटीस मिळते. त्यानंतर बँकेच्या लेखी संमतीवाचून त्याला घर विकता येत नाही. मात्र लिलावाची नोटीस प्रसिद्ध होण्यापूर्वी सर्व बाकी खर्चासह फेडून ते सोडवता येते. लिलाव झालाच, तरी बाकी व खर्च वळता करून उरलेला पैसा त्याचाच. हे त्याला ठाऊक नसेल, तर भाव बोलण्याआधी तुम्ही सांगा. अज्ञानात ठेवून ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या लुबाडले, त्यांनीच शेजाऱ्याच्या अज्ञानावर आपले घर उभारावे काय?

समजा, घराचा भाव ३० लाख आणि बाकी १८ लाख. ते २० लाखांत घेणारा त्या कुटुंबाची आयुष्याची कमाई खिशात घालतो. दुसरा रास्त भाव देतो, बँकेची रक्कम थेट कर्जखात्यात भरतो, उरलेली मालकाच्या हाती ठेवतो आणि घर सोडायला मुदत देतो. घर दोघांनाही मिळते. पण पहिला बुडत्याच्या अंगावरचे कपडे काढून घेतो. दुसरा त्याला काठावर आणतो.

अनाथपिंडिकाला तथागतांनी गृहस्थाची चार सुखे सांगितली : संपत्ती असणे, तिचा उपभोग घेणे, ऋणमुक्त असणे आणि निर्दोष असणे. पहिली तिन्ही चौथ्याच्या सोळाव्या हिश्श्याइतकीही नाहीत, असेही सांगितले. पहिली दोन तुम्हाला खरेदीखताने मिळतील. तिसरे तुम्ही विकणाऱ्याला मिळवून देऊ शकता. चौथ्याची नोंद कोणत्याही कचेरीत होत नाही.

म्हणून घर घ्या, जरूर घ्या. परंतु नव्या घरात पंचशील म्हणताना दुसऱ्या शीलापाशी जीभ अडखळणार नाही, अशाच भावाने घ्या.

जय भीम!