धुराचा सातबारा

माझं माहेर साताऱ्याचं आणि सासर सांगलीचं. त्यामुळे ‘आमच्याकडची हवा’ हा आमच्या घरातला जुना, हसतखेळत चालणारा वाद आहे. सातारकरांची बाजू तशी भक्कम. पाचगणी हे गावच मुळी इंग्रजांनी हवेसाठी वसवलं. १९१२ साली डॉ. बिलिमोरियांनी तिथे क्षयरोग्यांसाठी आरोग्यधाम काढलं, त्याचं नावच ‘बेल-एअर’. पण सांगलीकरांनाही उत्तर आहे. मिरजेचे डॉ. विल्यम वानलेस यांच्या नावाने ओळखली जाणारी वानलेसवाडी सांगली-मिरजेच्या मध्येच आहे, आणि तीही क्षयरोग्यांच्या दवाखान्यासाठीच प्रसिद्ध होती. म्हणजे एके काळी दोन्हीकडे लोक फुप्फुसं बरी करायला येत.

हा वाद सरकारने २०१९ च्या जानेवारीत निकालात काढला, असं वरवर पाहता वाटेल. राष्ट्रीय शुद्ध हवा कार्यक्रमाच्या यादीत सांगलीचं नाव आहे, साताऱ्याचं नाही. देशातली १३० शहरं आता या कार्यक्रमात आहेत. पण यादीत नाव येतं कसं, ते पाहायला हवं. हवेतल्या धूलिकणांचं प्रमाण सलग काही वर्षं मोजलं जातं आणि ते राष्ट्रीय मर्यादेच्या वर राहिलं, तर शहर नापास. नापास व्हायला आधी परीक्षेला बसावं लागतं. शिवाय उत्तीर्ण होण्याची रेघ कुठे आखली आहे, हाही प्रश्न आहेच. पीएम १० या कणांसाठी आपली वार्षिक मर्यादा घनमीटरला ६० मायक्रोग्रॅम आहे. जागतिक आरोग्य संघटनेची २०२१ पासूनची शिफारस १५ ची. तेव्हा यादीत नसणं म्हणजे हवा स्वच्छ असणं नव्हे. कृष्णा महाबळेश्वरात उगवते आणि वाई, कऱ्हाड करत सांगलीत येते. तिच्या काठाने ऊस, कारखाने आणि वीटभट्ट्याही जिल्ह्याची हद्द न पाहता येतात.

मला पडलेला प्रश्न मात्र आकड्यांचा नाही. हा धूर कुणाचा, असा आहे. जमिनीच्या प्रत्येक गुंठ्याला सातबारा आहे. धुराला नाही.

गाळप हंगाम आणि थंडी आपल्याकडे एकदमच येतात. थंडीच्या पहाटे जमिनीलगतची हवा गार आणि जड असते, वर उबदार थर झाकणासारखा बसतो आणि खालचा धूर खालीच राहतो. त्या झाकणाखाली बॉयलरमधल्या बगॅसचा धूर असतो, फडातल्या पाचटाचा असतो, भट्टीचा, महामार्गावरच्या ट्रकांचा आणि कॉलनीच्या कोपऱ्यात पेटवलेल्या पालापाचोळ्याचाही असतो. यातल्या कुणालाही विचारा. ‘माझ्या एकट्याने काय होतंय?’ हे उत्तर मिळेल, आणि वाईट गोष्ट अशी की ते बहुतेक वेळा खरं असतं.

डेरेक पार्फिट या ब्रिटिश तत्त्वज्ञाने १९८४ सालच्या आपल्या पुस्तकात नेमकं हेच कोडं घातलं होतं. हजार कैदी आणि हजार छळ करणारे. प्रत्येक जण एकेक बटण दाबतो. एका बटणाने प्रत्येक कैद्याची वेदना इतकी कमी वाढते की त्याला ती जाणवतही नाही. हजार बटणं दाबली की मात्र वेदना असह्य होते. मग दोषी कोण? पार्फिटचं म्हणणं असं, की माझं कृत्य एकट्याने काही बिघडवत नसलं, तरी जी कृत्यं मिळून नुकसान करतात त्यांत ते मोडत असेल, तर ते चूकच.

हे मला पटतं, पण कृष्णाकाठी पुरत नाही. पार्फिटच्या गोष्टीत प्रत्येकाला बटण न दाबणं सारखंच सोपं आहे. आपल्याकडे तसं नाही. तोडणीची टोळी वेळेवर येत नाही, ऊस वाळायला लागतो, तेव्हा शेतकरी तो पेटवतो. जळका ऊस लवकर तुटतो. त्यासाठी दरात कपातही सोसतो. हेक्टरी आठ-दहा टन पाचट कुजवलं तर जमिनीचं सोनं होतं, हे त्याला ठाऊक आहे. पण ते पसरायला हात, पैसे आणि वेळ लागतो. वीटभट्टीवरचा मजूर तर धूर करतोही आणि सगळ्यांत जास्त गिळतोही. त्याला आणि माझ्यासारख्या चहात साखर घालणारीला एकाच तराजूत कसं तोलायचं?

म्हणून मला वाटतं, ‘तू किती धूर केलास’ याच्याआधी ‘तुला तो किती सहज थांबवता आला असता’ हे विचारावं. कॉलनीतला पालापाचोळा न पेटवायला काहीच पडत नाही. तिथे सबब नाही. शेतकऱ्याच्या बाबतीत जबाबदारी वर सरकते, टोळ्यांचं वेळापत्रक ठरवणाऱ्याकडे. ती नाहीशी होत नाही.

नाहीशी करण्याची सोय मात्र आपण शोधून काढली आहे. सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंटच्या २०२४ च्या आढाव्यानुसार या कार्यक्रमाचा सुमारे ६४ टक्के निधी रस्त्यावरच्या धुळीसाठी खर्च झाला. उद्योगांच्या वाट्याला एक टक्काही आला नाही. धूळही वाईटच. पण ती कुणाची नसते. रस्ता झाडला, पाणी मारलं, तर कुणी दुखावत नाही. फुप्फुसात खोल जाणारे बारीक कण मुख्यतः जळण्यातून येतात, आणि जळणाऱ्या गोष्टीला मालक असतो.

आणि आपल्या भागात तो मालक फार लांबचा नाही. इथले बरेच कारखाने सहकारी आहेत. म्हणजे कागदोपत्री तरी चिमणीचे मालक हजारो सभासद आहेत. वार्षिक सभेत उसाच्या दरावरून खुर्च्या सरकतात, आणि सरकाव्यातच. पण जो दर मागू शकतो तो टोळ्यांचा हिशेबही मागू शकतो, पाचट कुजवायला मदत मागू शकतो, चिमणीवरची यंत्रणा रात्री चालू असते का हेही विचारू शकतो. एकट्याच्या धुराने काही होत नाही, हे खरं. एकट्याच्या हात वर करण्याने काही होत नाही, हेही तितकंच खरं. पण सहकार नावाची गोष्ट याच दुसऱ्या वाक्यावर विश्वास न ठेवणाऱ्यांनी या मातीत उभी केली.