बंद ताटी

माउलींची पालखी धर्मपुरीला सोलापूर जिल्ह्यात येते आणि आमच्या नातेपुत्यात मुक्काम करते. त्या दिवशी दारात कोणीही उभा राहो, आम्ही नाव विचारत नाही, जात विचारत नाही. ‘या माउली’ म्हणतो आणि पाण्याचा तांब्या पुढे करतो. २०२० आणि २०२१ साली पालखी पायी आली नाही. पादुका एसटीने पंढरीला गेल्या. त्याच काळात आम्ही दाराशी आलेल्याचे नाव पाहू लागलो. हे सांगायला आज लाज वाटते.

दिल्लीतील तबलिगी मेळाव्याच्या बातम्या आल्या आणि वर्षानुवर्षे आळीत भाजी आणणाऱ्या चाचांची हातगाडी लोकांनी परत पाठवली. चाचांना ना ताप होता, ना ते दिल्लीला गेले होते. मीही दार लावून घेतले. शहरांत ईशान्येकडच्या मुलांना ‘कोरोना’ म्हणून हिणवले गेले, ते असेच. ऑगस्ट २०२० मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने परदेशी तबलिगींवरचे गुन्हे रद्द केले. त्यांना बळीचा बकरा केले गेले असावे, असेही म्हटले. चाचा पुन्हा येऊ लागले, पण त्यांची आरोळी गेली. मुकाट्याने भाजी तोलतात, मान खाली घालून जातात.

साथीत अंतर ठेवणे चूक नव्हे. वारी थांबली तीही जीव वाचवण्यासाठी. पण ते अंतर सर्वांना सारखे होते. नाव पाहून ठेवलेले अंतर रोगाला अडवत नाही. तो विटाळच; चोखोबांना देवळाबाहेर ठेवणारा.

संन्याशाची पोरे म्हणून वाळीत पडलेल्या भावंडांची कथा आपण जाणतो. लोकांच्या बोलांनी दुखावून ज्ञानोबारायांनी झोपडीची ताटी लावून घेतली, असे परंपरा सांगते. प्रत्यक्ष माउलींना जे लागले, ते साध्या माणसाला किती लागत असेल? डॉक्टर ज्याला नैराश्य म्हणतात, त्यातही माणूस असाच आत बसतो. आपण म्हणतो, ‘हल्ली बोलत नाही.’ त्याला गप्प कोणी केले, हे विचारत नाही.

तेव्हा धाकटी मुक्ताई ताटीबाहेर उभी राहिली आणि तिने दादाची समजूत काढली. तिचा तर काही अपराधही नव्हता. माझा आहे. आधी दार मी लावले, मग चाचांनी मन मिटले. यंदा पालखी येण्याआधी मला त्यांच्या दारी जायचे आहे. ते उघडतील की नाही, ही त्यांची मर्जी. बाहेर उभे राहणे माझे काम.

रामकृष्ण हरी.