बांधाच्या आत कोण राहते?



पुराच्या बातम्या आपण दर पावसाळ्यात वाचतो. मदतीचे आवाहन झाले की यथाशक्ती देतो आणि पाणी ओसरले की विषयही ओसरतो. मात्र बिहारमधील कोसी नदीच्या पुराने एक असा प्रश्न उभा केला आहे, जो मदतीच्या पाकिटाने सुटत नाही.

१८ ऑगस्ट २००८ रोजी नेपाळमधील कुसहा येथे कोसीचा पूर्वेकडील बांध फुटला. बांध जेवढे पाणी पेलण्यासाठी घातला होता, त्याच्या पाव हिश्श्याहूनही कमी पाणी तेव्हा नदीत होते. तरीही नदीने पात्र सोडले आणि शंभराहून अधिक किलोमीटर पूर्वेला, पूर्वी कधीतरी टाकलेल्या वाटेने ती वाहू लागली. सुपौल, मधेपुरा, सहरसा, अररिया, पूर्णिया या जिल्ह्यांतील तीस लाखांहून अधिक लोकांना झळ पोहोचली. शेतांवर वाळूचे थर बसले.

असे का झाले? कोसी हिमालयातून अमाप गाळ आणते. पूर्वी ती हा गाळ मैदानभर पसरवीत असे आणि पात्रही बदलीत असे. १९५४ साली भारत व नेपाळ यांच्यात करार झाला आणि नदीला दोन्ही बाजूंनी मातीचे बांध घातले गेले. मग गाळ दोन बांधांमध्येच साचू लागला. पात्र वर्षानुवर्षे उंच होत गेले व बाहेरची जमीन खाली राहिली.

२००९ च्या सुरुवातीला फुटलेला बांध बुजवून नदीला पुन्हा जुन्या पात्रात वळविण्यात आले. बाहेरच्या लाखो लोकांनी सुटकेचा निःश्वास टाकला. पण ते जुने पात्र रिकामे नव्हते. दोन बांधांच्या मध्ये शेकडो गावे आहेत. बांध घातले तेव्हा या लोकांना घरासाठी बाहेर जागा देऊ केली गेली. शेती मात्र आतच राहिली. पोटासाठी अनेकजण परत आत गेले. नदी घरी परतली असे आपण म्हणतो, तेव्हा ती कोणाच्या तरी घरात परतलेली असते.

थोड्यांनी सोसावे म्हणजे पुष्कळांचे भले होईल, असा हिशेब येथे मांडला जातो. हा हिशेब सरसकट खोटा म्हणता येणार नाही. आज बांध काढून टाकले तर बाहेरची गावे बुडतील. नदी वळविणाऱ्यांपुढे तेव्हा दुसरा सोपा मार्ग नव्हता, हे आपण मान्य करू. परंतु माणूस स्वतःहून देतो तो त्याग. दुसऱ्याकडून न विचारता घेतले जाते ते ऋण, आणि ऋण फेडावे लागते. आतल्या लोकांना कसण्याजोगी जमीन, उंचावरची शाळा व दवाखाना, वेळेवर नाव मिळणे, हा त्यांच्यावरचा उपकार नाही. ते त्यांचे येणे आहे.

हे येणे अजून थकलेले आहे. सप्टेंबर २०२४ मध्ये बीरपूरच्या बॅरेजमधून ६ लाख ६१ हजार क्युसेक पाणी सोडावे लागले. १९६८ नंतर एवढे पाणी आले नव्हते. तेव्हा काही ठिकाणी बांध फुटले, त्याची बातमी झाली. आतली गावे मात्र बांध फुटण्याआधीच पाण्यात होती.

आपणही घराचे जोते उंच करतो, कुंपणाची भिंत घालतो, आवारात भराव टाकतो. त्यात गैर काही नाही. फक्त एवढे विचारू या: येथून अडविलेले पाणी आता कोणाच्या अंगणात जाईल? ज्याच्या अंगणात ते जाईल, तो आपला शेजारी. भिंत घालण्याआधी त्याच्या दारी जाऊन त्याच्याशी बोलणे, हे आपले पहिले कर्तव्य आहे.